बुटाला माया नसते

फेब्रुवारी 2023 मधला एक शुक्रवार. थोरली शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दारातच बसून राहिली. एरवी बूट भिरकावून आत पळणारी पोर. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, काढते." बूट निघाले तेव्हा डाव्या मोज्याच्या टोकाला रक्ताचा डाग वाळून कडक झालेला होता. मोजा नखाला चिकटला होता, कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवावा लागला. अंगठ्याचं नख कडेच्या मांसात घुसलं होतं आणि आत पू झाला होता.

सोमवारी डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची कड काढली. मग म्हणाले, "बूट आणलेत का? बघू." पायाशेजारी बूट धरून त्यांनी मला दाखवला. "ताई, दोन-तीन महिने तरी हा पाय या बुटात कोंबला जातोय." फी, औषधं आणि चार वेळचं ड्रेसिंग मिळून 2200 रुपये झाले.

पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. डिसेंबरमध्ये, गॅदरिंगच्या आधी, ती मला एकदा म्हणाली होती, "आई, बूट घट्ट होतायत." मी भाकऱ्या करत होते. मान वर न करता मी म्हटलं होतं, "मार्चपर्यंत ओढ गं, जूनमध्ये नवीनच घ्यायचेत." त्यानंतर तिने पुन्हा विषय काढला नाही. ड्रेसिंग करून घरी येताना रिक्षात विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, मार्चपर्यंत." अकरा वर्षांची मुलगी. घरात आम्ही पैशाचं जे बोलतो ते तिच्या कानावर पडत होतं आणि त्यातून तिने ठरवलं होतं की हे दुखणं सांगायचं नाही.

मी सोलापुरात, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. चादर-टॉवेलच्या या गावात आता शाळांचे गणवेशही मोठ्या प्रमाणावर शिवले जातात आणि एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. कपड्याच्या बाबतीत वाढत्या मुलांचा विचार आम्ही रोज करतो. पँटच्या तळाला दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायची, स्कर्टच्या दुमडीत माया ठेवायची. पोर वाढलं की आई टाके उसवते आणि त्याच कपड्यात आणखी एक वर्ष निघतं. बुटाला ही सोय नाही. बुटाला माया ठेवता येत नाही. म्हणून आपण ती नंबरात ठेवतो, दोन नंबर मोठा घेतो आणि पुढे कापूस कोंबतो. माझ्या लहानपणी वडील तेच करायचे. पहिले सहा महिने बूट पायातून निसटायचे, मग दोन महिने बरे बसायचे आणि नंतर चावायला लागायचे. त्यांचा नाइलाज होता. मी मात्र विचार न करता तेच पुढे चालवत होते.

त्या आठवड्यात घरखर्चाची वही काढली. आमच्याकडे कुठल्याही गणवेशाची किंमत ठरवताना कापड, शिलाई, काज-बटण, इस्त्री, पिशवी असं एकेक धरून कॉस्टिंग काढतात. तसंच बुटांचं काढलं. थोरली तेव्हा सहावीत होती, धाकटा दुसरीत. शाळेचा नियम असा की बुधवारी आणि शनिवारी पांढरे बूट, बाकी दिवस काळे. म्हणजे दोन मुलांचे चार जोड. थोरलीचे काळे 549, पांढरे 399. धाकट्याचे काळे 449, पांढरे 349. ऑगस्टमध्ये धाकट्याच्या काळ्या बुटाचा सोल चिखलात निघून आला, दुसरा जोड 499. मोज्यांच्या सहा जोड्या 360. चिकटवणं, टाके मारणं यात 100 आणि पॉलिशची डबी 55. एकूण 2760 रुपये. मला कुणी आधी विचारलं असतं तर मी दीड हजार सांगितले असते, कारण जूनमध्ये एकदम गेलेले तेवढेच लक्षात राहतात. मधले सुटे-सुटे गेलेले विसरायला होतं.

मग दिवसांवर भागाकार केला. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायला हवी. 220 धरले तर थोरलीचे काळे बूट सुमारे 150 दिवस पायात आणि पांढरे 70 दिवस. काळ्याचा एक दिवस 3 रुपये 66 पैशांना पडला, पांढऱ्याचा 5 रुपये 70 पैशांना. स्वस्त म्हणून घेतलेले कॅनव्हासचे बूट आम्हाला महाग पडत होते आणि झिजायच्या आधीच लहान होत होते. एक जोड तर आम्ही एकही दिवस न वापरता गमावला होता. 2020 च्या सुरुवातीला सेल लागला म्हणून थोरलीसाठी पुढच्या नंबरचे काळे बूट 499 ला घेऊन ठेवले, मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या तोवर तिला ते लहान झाले होते, म्हणून धाकट्यासाठी जपून ठेवले. त्याच्यासाठी खोका उघडला तर सोलचे तुकडे पडत होते, भिजलेल्या बिस्किटासारखे. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, सोल नुसता ठेवला तरी हवेतल्या दमटपणाने आतून खराब होतो. हे मला विजापूर रोडवरच्या गटई स्टॉलवाल्या, म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या, काकांनी सांगितलं. "बूट पायात असला की टिकतो ताई, खोक्यात मरतो."

या काकांकडून मी बरंच शिकले. धाकट्याचा सोल निघाला तेव्हा मी दुकानदाराला दोष देत होते. काकांनी बूट उलटा करून दाखवला: सोल नुसता चिकटवलेला होता, कुठेही टाका नव्हता. म्हणाले, "नवा असतानाच माझ्याकडे आणायचा. चाळीस रुपयांत कडेनं शिलाई मारून देतो. फाटल्यावर आणलं की सोल्युशन लावतो, ते पंधरा दिवस टिकतं." पण सगळ्याच बुटांना शिलाई बसत नाही. सोलच्या कडेला टाका बसायला खाच असावी लागते. पातळ प्लास्टिकला टाका मारला तर त्या भोकांतूनच तो फाटत जातो. तेव्हापासून दुकानात बूट हातात घेतला की मी आधी कड बघते, मग आत हात घालून सुकतळा बघते, मग किंमत.

त्याआधी पाय मोजायला हवा होता, आणि तो मी आयुष्यात कधी मोजला नव्हता. दुकानातला मुलगा नंबर विचारतो, आपण मागच्या वर्षीच्या नंबरात एक मिळवून सांगतो. कारखान्यातल्या कटिंग मास्तरांकडून मी पॅटर्न कापायचा जाड पुठ्ठा मागून आणला. संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, मुलीला शाळेचे मोजे घालून भिंतीला टाच टेकवून उभं केलं. उभं करणं महत्त्वाचं, बसलेल्या पायावर भार नसतो आणि माप कमी येतं. सगळ्यात लांब बोटापाशी खूण केली. दुसऱ्या पायाचंही माप घेतलं. दोन्ही सारखे नव्हते: उजवा 229 मिलिमीटर, डावा 231. मोठा तो खरा धरायचा. मग पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापून त्या जुन्या काळ्या बुटात सरकवली आणि आतली लांबी मोजली. 233. म्हणजे माझ्या मुलीच्या अंगठ्यापुढे दोन मिलिमीटर जागा होती. चालताना पाय पुढे सरकतो, त्याला दहा-बारा मिलिमीटर लागतात. ती पट्टी हातात धरून मी बराच वेळ बसले होते.

नंबरांचंही तेव्हाच कळलं. आपल्याकडच्या बुटांवरचे आकडे ब्रिटिश पद्धतीचे. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. "दोन नंबर मोठा घेऊ" म्हणजे सतरा मिलिमीटर मोकळे, इतक्या ढिल्या बुटात पोर चालत नाही, फरफटतं. आणि लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत गेले की पुन्हा एकपासून सुरू होतात. धाकट्याचा तेरा संपून एक आला तेव्हा तो काळजीने म्हणाला होता, "आई, माझा पाय लहान झाला का?"

त्या मे महिन्यात शाळेची यादी आली. या वेळी बूट ठरावीक दुकानातूनच घ्यायचे होते, काळ्यांचे 1150 आणि पांढऱ्यांचे 650. थोरलीचेच 1800. अशी सक्ती शाळांनी करू नये, असे शिक्षण खात्याचे आदेश आहेत हे मला कामामुळे ठाऊक होतं, गणवेशाच्या धंद्यात त्याची चर्चा असतेच. मी अर्ज लिहिला आणि मुख्याध्यापक मॅडमना भेटायला गेले. सोबत वहीचं पान, पुठ्ठ्याची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

मला वाटलं होतं वाद होईल. मॅडमनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "बूट एकसारखे का हवेत सांगू? एक मुलगा तीन हजारांचे घालून येतो, त्याच्या शेजारचा दोनशेचे. दिवसभर तो शेजारचा पाय बाकाखाली लपवून बसतो. मी बघते ना." हे मला पटलं, आजही पटतं. मी म्हटलं, "मॅडम, एकसारखे असू देत. पण दुकान कुठलंही चालू दे आणि जोड एकच असू दे. साधे काळे खेळाचे बूट, रंगीत पट्टी नाही, मोठं नाव नाही. कवायतही त्यातच होईल." त्या म्हणाल्या, "तुमच्या एकटीच्या अर्जावर नाही होणार. पालक-शिक्षक संघात मांडा."

मांडलं. बैठकीत आधी कुणी बोलेना. मग मागून एक बाबा उठले. हॉटेलात काम करणारे, तीन मुलं त्याच शाळेत. म्हणाले, "माझे सहा जोड होतात." एवढंच बोलून खाली बसले. त्यानंतर सगळेच बोलायला लागले. निर्णय अर्धा झाला. पाचवीपासून पुढे एकच काळा जोड, कुठल्याही दुकानातला. प्राथमिकला पांढरे बूट राहिले, कारण पंधरा ऑगस्टला लहान मुलांची कवायत असते. मी त्यावर अजून समाधानी नाही. एका सकाळच्या कवायतीसाठी पहिलीतल्या पोराला वर्षाचा दुसरा जोड घ्यायला लावणं मला चूक वाटतं आणि ते मी दर बैठकीत सांगते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी पेठेत गेलो. संध्याकाळी साडेसहाला, दोघांनाही शाळेचे मोजे घालून, पर्समध्ये दोन पट्ट्या. पायाच्या मापात बारा मिलिमीटर मिळवून कापलेल्या. थोरलीचा पाय आता 234 होता. दुकानातला मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "वाढतं अंग आहे काकू, पाच नंबर घ्या." मी चार नंबर मागितला आणि पट्टी आत सरकवली. एका कंपनीच्या चार नंबरात ती वाकली, दुसऱ्या कंपनीच्या चार नंबरात बरोबर बसली. आकडा तोच आणि आतली जागा वेगळी! शेवटी थोरलीला 899 चा एक जोड घेतला, कडेला खाच असलेला, आत जाड सुकतळ्याचा. धाकट्याला काळे 599 आणि पांढरे 299. दुसऱ्या दिवशी दोन्ही काळे जोड काकांकडे नेऊन शिलाई मारून घेतली, 80 रुपये.

आमच्याकडे काज-बटण करणाऱ्या एक ताई आहेत. डब्याच्या सुट्टीत मी हे सगळं सांगत होते तेव्हा त्या ऐकत होत्या. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत. त्या वर्षी, म्हणजे 2023-24 ला, राज्य सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे मोफत द्यायचं ठरवलं होतं, मुलामागे 170 रुपये. ताई म्हणाल्या, "माझी पोरगी आजवर चपलेवरच जाते शाळेला. बुटाचा खर्च आमच्या हिशेबातच नाही." मी गप्प झाले. बुटावर किती खर्च होतो याचा मी एवढा भागाकार करत होते, आणि माझ्या शेजारी बसून जेवणाऱ्या बाईच्या वहीत त्या ओळीपुढे शून्य होतं. तिच्या मुलीला त्या वर्षी शाळेतून बूट मिळाले. थोरलीचे तीन नंबरचे पांढरे बूट घरी पडून होते, नव्या नियमामुळे ते आता लागणार नव्हते. मी संकोचत विचारलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मुलीच्या पायाची पट्टी कापून आणली, आमच्याच कारखान्यातल्या पुठ्ठ्याची, बारा मिलिमीटर मिळवून. बरोबर बसली. सुकतळे मी नवे घातले, कारण वापरलेल्या बुटात आधीच्या पायाचा साचा उमटलेला असतो.

जानेवारी 2024 मध्ये थोरलीचा पाय 240 झाला. बुटात पाच-सहा मिलिमीटर उरले होते. ती म्हणाली, "आई, दुखत नाहीये, खरंच." मी त्याच आठवड्यात पाच नंबरचा जोड आणला, पुन्हा 899. वर्षाचा हिशेब केला: बूट 2696, मोजे 360, शिलाई 80, एकूण 3136. आदल्या वर्षीपेक्षा 376 रुपये जास्त. एवढा अर्ज, एवढी बैठक, एवढं मोजमाप करून खर्च वाढलाच. माझे यजमान वही बघून म्हणाले, "मग मिळवलं काय?" मी आदल्या वर्षीच्या पानावरचा दवाखान्याचा आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पाय मोजायचं काम ते स्वतः करतात.

पुढे पेपरात वाचलं की चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यात दिसलं की आपले पाय परदेशी मापांपेक्षा रुंद असतात, म्हणून माणसं लांबीला मोठा नंबर घेऊन रुंदी मिळवतात. आणि मुलींचा पाय अकराव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात झपाट्याने वाढतो, मुलांचा पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवलेली आहे. अकरावं वर्ष वाचून मी थांबले. सहावीतला तो डिसेंबर, नेमकं तेच वय. ज्या सहामाहीत तिला बूट दोनदा लागणार होते, त्याच सहामाहीत मी तिला मार्चपर्यंत ओढायला सांगितलं होतं.

थोरली आता नववीत आहे. पाय 243 वर थांबला, पाच नंबरच चालू आहे, जोड झिजला की बदलायचा. धाकटा यंदा पाचवीत गेला, त्यामुळे त्यालाही एकच जोड. जूनमध्ये त्याचा 899 ला घेतला. तेव्हा हजार रुपयांपर्यंतच्या बुटांवर 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर तो 5 टक्के झाला. करातला फरक पूर्ण उतरवला तर तोच जोड आता 843 ला पडायला हवा. जानेवारीत घेताना मी पावती बघणार आहे.

कारण जानेवारीत घ्यावा लागणार हे नक्की. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फराळाचे डबे आवरून झाल्यावर यजमानांनी त्याला भिंतीशी उभं केलं. त्या भिंतीवर आता दोघांच्या उंचीच्या खुणांखाली फरशीलगत पायांच्याही खुणा आहेत, पेन्सिलने, तारखांसह. जूनमध्ये 214 होता, आता 218. बुटाची आतली लांबी 226. म्हणजे आठ उरले. तो नेहमीसारखा म्हणाला, "बाबा, टोचत नाही मला." त्याला पुन्हा बूट घालायला लावला, उभं केलं, आणि मी अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघितलं. डिसेंबरपर्यंत पुरतील, मार्चपर्यंत नाही. वहीत जानेवारीच्या पानावर लिहून टाकलं: धाकटा, बूट, तीन नंबर, 850.